पाठचा भाऊ

कोबीचे गड्डे भरायच्या ऐन वेळेला पाटाचं पाणी निम्म्यावर आलं. पावसाने डोळे वटारले होते, विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि शिवारात जे काही हिरवं उरलं होतं ते सगळं पाटकऱ्याच्या हातात होतं. पाटाची फळी कधी उचलायची, कधी पाडायची, कोणाच्या शेतात पाणी सोडायचं, हे तो ठरवायचा. लोक म्हणायचे, गावात दोघांचंच चालतं, पाटकऱ्याचं आणि वरच्याचं. पण अर्ज आधी पाटकऱ्याकडे करावा.

त्या दिवशी पाण्याची पाळी थोरलीच्या घराची होती. थोरली अनवाणी चिखलात उभी राहून पाणी एका सरीतून दुसरीत वळवत होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती, आणि आल्यापासून घरच्या गड्यासारखी राबत होती. धाकटा पलीकडच्या टोकाला फावड्याने बांध घालत होता. तो तिच्या पाठचा. आई शेतावर जायची तेव्हा थोरलीनेच त्याला कडेवर वागवलेलं, त्यामुळे त्याचा राग तिला लांबूनच कळायचा. मान आधी लाल व्हायची, मग कान.

पाणी एकदम बारीक झालं. सरीत फेस उरला, मग तोही जिरला.

"निम्मं रान कोरडंय अजून," धाकटा म्हणाला. त्याने वर बघितलं. वरच्या मळ्यात पाण्याची चकाकी दिसत होती.

"विचारून ये," थोरली म्हणाली. "नीट बोल. भांडू नकोस."

तो फावडं खांद्यावर टाकून गेला. त्याचे कान लाल झाले होते. थोरलीने हात धुतले, घटकाभर उभी राहिली, आणि मग तीही पाटाच्या कडेकडेने मागोमाग निघाली.

वळणावर बोरूचं दाट बन होतं. तिला आधी आवाज ऐकू आले, मग ते दोघे दिसले. पाटकरी फळीवर एक पाय ठेवून उभा होता.

"माझी पाळी संपली नाही," धाकटा म्हणत होता.

"संपली म्हणून मी सांगतोय ना."

"वरच्या मळेवाल्यांनी काय दिलं तुला?"

"तुझ्या बापाने कधी काही दिलं नाही, तू काय देणार?" पाटकरी हसला. "तो पण असाच यायचा. आधी ओरडायचा, मग पाया पडायचा. तू आधी पाया पड, ओरडणं वाचेल."

धाकट्याने फावडं खांद्यावरून उतरवलं आणि तसंच फिरवलं. पातं पाटकऱ्याच्या कानामागे बसलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. पाटकरी पडला नाही. त्याने हात वर नेला, बोटांना लागलेलं रक्त बघितलं आणि आश्चर्य वाटल्यासारखा म्हणाला, "अरे..." तेवढ्यात दुसरा घाव बसला, हा कपाळावर. मग तो पाटात आडवा पडला. त्याची टाच दगडावर घासत राहिली, घासत राहिली, आणि थांबली.

पुढचं थोरलीने बघितलं ते ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. धाकट्याने वाकून त्याची नाडी बघितली नाही, तो पळाला नाही. त्याने दोन्ही हातांनी फळी ओढून काढली आणि पाणी आपल्या शेताकडे सोडलं. मग त्याने मान वर केली. बोरूत उभी असलेली बहीण त्याला दिसली.

"घरी चल, ताई," तो म्हणाला.

घरी आईने काही विचारलं नाही. पोराच्या सदऱ्याकडे बघितलं आणि कडी लावली. सदरा चुलीत घातला, फावडं राख लावून घासलं. भावजय भिंतीला टेकून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. उठायचं म्हणून तिने हात टेकला आणि तशीच राहिली.

आई थोरलीजवळ आली. "तू कुठे होतीस?"

"पाटावर."

"तू शेतात होतीस. दिवसभर शेतात. बोल, कुठे होतीस?"

आईने तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की कातडीखाली रक्त साकळलं.

"शेतात होते," थोरली म्हणाली.

"गुडघे टेका सगळ्यांनी," आई म्हणाली. सगळ्यांनी गुडघे टेकले. आईने मोठ्याने प्रार्थना केली, की देवबापा, हे घर तुझ्या पंखांखाली ठेव. धाकटा आमेन म्हणाला. त्याच्या नखांत अजून लाल होतं.

ऊन उतरायच्या आत गावाला गुन्हेगार सापडलासुद्धा. तोतऱ्या नावाने गाव ज्याला हाक मारायचं तो परका मजूर पाटाचा गाळ काढायला आला होता. आदल्या दिवशी पाटकऱ्याने त्याला चारचौघांत लाथ घातली होती, आणि त्याने पाटकऱ्यावर दगड उगारला होता. एवढं पुष्कळ झालं. लोक मागे लागले तेव्हा तो पळत चर्चच्या पायऱ्यांवर आला आणि दाराची कडी धरून बसला. थोरली आरडाओरडा ऐकून धावत आली तेव्हा त्याची बोटं एकेक करून सोडवत होते. पाळक मध्ये पडले. कोणाचं तरी कोपर त्यांच्या भुवईवर बसलं आणि ते खाली बसले.

"बोल! का मारलंस?"

"म-म-म..." त्याचा शब्द ओठांतच अडकायचा. तो जितका घाबरायचा तितका जास्त अडकायचा, आणि तितका जास्त मार बसायचा. पट्टे होते, काठ्या होत्या, एकाने चपलेनेच तोंड फोडलं. त्याचे पुढचे दात पायरीवर पडले.

गर्दीतून धाकटा पुढे झाला. थोरलीला वाटलं, आता हा सांगेल. धाकट्याने पाय मागे घेतला आणि पडलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली. मग आणखी एक. सगळ्यांपेक्षा जोरात. मागून कोणीतरी म्हणालं, "शाब्बास." धाकट्याने तिच्याकडे बघितलं नाही.

पोलीस आले आणि तोतऱ्याला गोणीसारखा उचलून घेऊन गेले.

त्यानंतर घरात सगळे देवाशी बोलायला लागले. आईने उपास धरला. तो सुटला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या मनाला शांती मिळाली. त्याची इच्छा आहे, आपण गप्प राहावं." धाकटा म्हणाला, "मी पण मागणं केलं होतं, की माझी चूक असेल तर पीक जळू दे. बघ जाऊन, गड्डे कसे भरलेत." आणि खरंच भरले होते. थोरली मात्र गुडघे टेकून बसायची आणि तिला काहीच ऐकू यायचं नाही. टाच दगडावर घासल्याचा आवाज तेवढा यायचा. तिला वाटायचं, या दोघांना एवढ्या लवकर उत्तर मिळतं आणि आपल्यालाच का नाही? आपला विश्वास कमी पडतोय का?

रविवारी उपासनेत पाटकऱ्याची बायको पहिल्या बाकावर होती. गाणं सुरू झालं तेव्हा तिने तोंड उघडलं आणि तिला उलटी झाली. बायकांनी तिला धरून बाहेर नेलं. धाकटा उठला, पाणी आणलं आणि फरशी पुसली. सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. थोरली वाट बघत राहिली, आणि लोक पांगल्यावर मागे थांबली.

पाळक बादली आणि ब्रश घेऊन पायऱ्या घासत होते. डाग जात नव्हता. त्यांची भुवई काळीनिळी झाली होती.

"मला एक ठरवायचंय," थोरली म्हणाली. "मी रोज विचारते. देव सांगत नाही."

"काय विचारतेस?"

"काय करू ते."

पाळकांनी ब्रश खाली ठेवला. ते तिला लहानपणापासून ओळखत होते, आणि धाकट्यालाही.

"कधी कधी दोन्ही रस्ते बरे असतात," ते म्हणाले. "लग्न इथे करू की तिथे, घर सोडू की राहू. तिथे विचारावं, थांबावं, चार शहाण्या माणसांशी बोलावं. तुझं तसं आहे का?"

"नाही."

"मग तुला काय करायचं ते माहीत आहे. तू त्याला वेगळंच विचारते आहेस."

"काय?"

"याच्यातून सुटका आहे का, ते. त्याचं उत्तर तो देत नाही. माझ्या अनुभवाने तरी देत नाही."

थोरलीने पायरीवर बसून तोंड झाकून घेतलं. "माझ्या हाताने भरवलंय त्याला," ती म्हणाली. "आई मरेल."

"हं." तसं होणार नाही असं ते म्हणाले नाहीत, आणि त्याचंच तिला बरं वाटलं. "मला काही सांगू नकोस अजून. आधी त्याच्याकडे जा, एकटी. त्याला स्वतःच्या पायांनी जायची संधी दे. तेवढं त्याचं देणं लागतेस तू. पण घरात बोलू नकोस. उघड्यावर बोल, दुपारी, माणसं असतील तिथे. आणि त्याच्या हातात काही नसताना."

"तो मला नाही मारणार."

पाळकांनी पुन्हा ब्रश उचलला. "देवावर विश्वास ठेव," ते म्हणाले. "भावाच्या रागावर ठेवू नकोस."

तिने त्यांचं निम्मं ऐकलं. दुसऱ्या दिवशी कोबी काढायला घेतला होता. शेजारच्या रानात माणसं होती, ऊन लख्ख होतं. पण कोबी काढायचा म्हणजे हातात कोयता असणारच. धाकटा एका हाताने गड्डा वाकवायचा आणि दुसऱ्या हाताने देठ उडवायचा. थोरली मागून टोपल्या भरत होती.

"तो तोतऱ्या मरेल तिथे," ती म्हणाली.

कोयता थांबला नाही. "परक्या माणसाचं तुला काय?"

"तू जाऊन सांग. रागात झालं म्हण. मी येते बरोबर. पाळक येतील."

"पाळकांना सांगितलंस?"

"नाही. पण तू नाही गेलास तर मी जाणार आहे. चोरून नाही जाणार, तुला सांगून जाईन. आज सांगते."

तो सरळ उभा राहिला. त्याची मान लाल झालेली तिने बघितली. त्याने कोयता बाजूला फेकला, आणि तिला वाटलं, ऐकलं याने. मग त्याने मूठ वळली. पहिला ठोसा जबड्यावर बसला. ती टोपलीवर कोलमडली. त्याने तिला केसांना धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, मग पोटात, मग ती पडल्यावर पाठीत लाथा. तो रडत होता. "तुझ्यासाठी केलं! या घरासाठी! तू बसून खातेस ते कुठून येतं?" तिच्या डाव्या हातावर त्याने टाच दाबली आणि बोट मोडल्याचं तिला ऐकू आलं. शेजारच्या रानातली माणसं उभी राहून बघत होती. भाऊ बहिणीला मारत होता. घरचा मामला होता.

आई धावत आली. तिने पोराला मागे ओढलं. थोरलीने हात पुढे केला. आईने तो धरला, तिला उठवलं, घरापर्यंत आणलं, आणि कोठीच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली.

"दोघांतलं एक पोर गेलेलं मला परवडेल," आई दाराबाहेरून म्हणाली. "ते कोणतं, हे तू ठरवू नकोस."

थोरली पोत्यांना टेकून बसली. तोंडात रक्त येत होतं, ते ती गिळत होती. तिने मागणं केलं नाही. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती देवाला फक्त म्हणाली, "मी जाते. तू बरोबर ये." एवढंच पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धाकटा आणि आई कोबीची गाडी भरायला गेल्यावर, कडी निघाली. दारात भावजय उभी होती. एका हाताने कंबर धरलेली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"वन्सं, उठा," ती म्हणाली.

"तुझा नवरा आहे तो."

"मला नका सांगू माझा कोण आहे ते." ती रडत नव्हती. तिने थोरलीची बोटं फडक्याने घट्ट बांधली. थोरली कळवळली तरी तिने गाठ सैल केली नाही. "काल तुम्हाला मारून आला आणि जेवायला बसला. दोनदा वाढून घेतलं. मी पोटावर हात ठेवून बसले होते. मागच्या दाराने जा. मी म्हणेन, मला डोळा लागला होता."

पोलीस चौकी बाजाराच्या गावात होती. थोरली रस्त्याच्या कडेने चालत गेली. एका गाडीवाल्याने तिचं तोंड बघून गाडी थांबवली आणि मग काही न विचारता तशीच हाकली. चौकीत हवालदाराने कागद पुढे ओढला.

"नवऱ्याने मारलं?"

"नवरा नाही मला." जबडा सुजल्यामुळे शब्द चिखलातून काढल्यासारखे निघत होते. "पाटकऱ्याला ज्याने मारलं त्याचं नाव सांगायचंय. तुम्ही धरलाय तो नाही."

हवालदाराने लिहून घेतलं. मध्येच थांबून त्याने विचारलं, "सख्खा भाऊ?"

"पाठचा."

"बाई, परत जा. रागात आलीयेस. त्याला काय होईल कळतंय का?"

"कळतंय. लिहा."

आतल्या कोठडीतून तोतऱ्याने गजांना तोंड लावलं होतं. त्याचा एक डोळा मिटलेला होता. तो काहीतरी म्हणायला लागला, "त-त-त..." आणि या वेळी कोणी घाई केली नाही, तरी शब्द काही निघाला नाही. थोरलीने मान हलवली, राहू दे म्हणून.

पोलिसांच्या जीपमध्ये बसून ती गावात परतली. बसू नको, असं हवालदार म्हणाला होता. ती म्हणाली, मी त्याला चोरून जाणार नाही म्हटलं होतं, ते जमलं नाही, निदान समोर तरी उभी राहीन.

धाकटा चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत गाडीवर उभा राहून कोबी रचत होता. आई खालून एकेक गड्डा वर देत होती. जीप बघून त्याने आधी बहिणीकडे बघितलं. मग उडी मारली आणि पळाला. हवालदाराने त्याला गाठलं तेव्हा धाकट्याने हातातला गड्डा त्याच्या डोक्यात घातला. हवालदार पडला. तोपर्यंत बातमी तोंडातोंडी पसरली होती, की हाच तो, हाच तो. ज्यांनी त्याला शाब्बास म्हटलं होतं तेच पुढे झाले. तोतऱ्याला विनाकारण मारल्याच्या लाजेचा राग त्यांना कोणावर तरी काढायचा होता. पहिली काठी धाकट्याच्या गुडघ्यावर बसली. तो पडला आणि त्याच्यावर पट्टे, काठ्या, दगड सुरू झाले. पाळक ओरडत होते, कोणी ऐकत नव्हतं. पाटकऱ्याचा भाऊ खोरं घेऊन आला.

थोरली गर्दीत घुसली. कोपरांनी, डोक्याने वाट काढत ती आत गेली आणि धाकट्याच्या अंगावर पालथी पडली. त्याचं डोकं तिने छातीखाली घेतलं. पाठीवर काठ्या पडत राहिल्या. एक खांद्यावर बसली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली.

"बाजूला हो!" वरून कोणीतरी ओरडलं. "तूच सांगितलंस ना!"

"मी कायद्याला सांगितलं!" ती ओरडली. "तुम्हाला नाही!"

धाकट्याने तिची बाही दातांत धरली होती, लहानपणी ताप चढला की धरायचा तशी. पाटकऱ्याच्या भावाने खोरं उगारलं होतं. मागून पाटकऱ्याची बायको आली आणि दिराच्या हाताला लोंबकळली. "पुरे," ती म्हणाली. "मला आणखी कोणाची बायको माझ्यासारखी बसलेली बघायची नाही." दिराने तिला झटकलं, तिने पुन्हा धरलं. तेवढ्या वेळात पोलिसांनी धाकट्याला ओढून जीपमध्ये घातलं.

तोतऱ्याला सोडलं. तो सामान घ्यायलाही गावात आला नाही. धाकट्याला बऱ्याच वर्षांची सजा झाली. थोरलीने कोर्टात उभं राहून सांगितलं, फावड्याचं आणि फळीचंसुद्धा. रागात पहिला घाव झाला हे जसं सांगितलं तसं दुसरा झाला हेही सांगितलं. भावजयीला मुलगी झाली. पोर थोरलीच्या मांडीवर खेळायची, पण आई थोरलीशी बोलायची नाही. एकाच चुलीवर दोघी स्वयंपाक करायच्या, एकाच बाकावर उपासनेला बसायच्या, आणि आई तिच्या आरपार बघायची. मीठ हवं असलं तर सुनेला मागायची.

थोरली तुरुंगात भेटीला जायची. धाकटा बाहेर यायचा नाही. ती साबण, कपडे ठेवून परतायची. पाळकांनी एकदा विचारलं, पस्तावा होतो का? ती म्हणाली, "रोज होतो. आणि रोज वाटतं की पुन्हा तेच केलं असतं."

मग एका भेटीला तो आला. डोकं भादरलेलं, लंगडत. जाळीपलीकडे बसला.

"मी तुला माफ केलेलं नाही," तो म्हणाला.

"मी मागायला आले नाही."

शेजारच्या जाळीशी कोणीतरी बायकोला घराच्या कौलांवरून झापत होतं.

"पोर कोणासारखी आहे?"

"तुझ्यासारखी. रागावली की कान लाल होतात." तिने थोडं थांबून म्हटलं, "आम्ही लक्ष ठेवतो."

तो हसला नाही, पण त्याने खाली बघितलं. पहारेकऱ्याने काठी आपटली. उठता उठता तो म्हणाला, "पुढच्या वेळी आईला आण."

"ती माझ्याशी बोलत नाही."

"मग मी सांगितलंय म्हण."

ती घरी आली तेव्हा आई अंगणात सरपण फोडत होती. थोरली उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "त्याने तुला बोलावलंय. माझ्याबरोबर ये म्हणाला."

कुऱ्हाड वर गेली, खाली आली. ओंडका फुटला नाही. आईने पुन्हा घाव घातला, पुन्हा, मग कुऱ्हाड तशीच लाकडात सोडून दिली. ती पाठमोरी होती. तिचे खांदे हलत होते. थोरलीला वाटलं, आता ही आत निघून जाईल.

"गाडी," आई तिच्याकडे न वळता म्हणाली, "किती वाजता असते?"